कारभारी रस्त्यावरची सवाष्ण

श्रावणातला तिसरा गुरुवार होता. साल चौऱ्याहत्तर. दुपारची झाकपाक आटोपून बनुबाईंनी हळदीकुंकवाचा करंडा पदराखाली घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "अंजने, सवाष्ण सांगून येते गं. तवर हरभऱ्याची डाळ निवडून ठिव."

काम नेहमीचंच. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावायचा, तिला दूर्वा-आघाड्याची माळ घालायची, पुरणाचा स्वयंपाक करायचा, एक सवाष्ण जेवू घालायची आणि लेकरांना ओवाळायचं. लेकरू परगावी असलं तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. ते जिथं असेल तिथं त्याच्या डोक्यावर पडतात, अशी आपल्या बायकांची श्रद्धा. बनुबाईंचा सयाजी पलटणीत गेल्यापासून त्या अशाच अक्षता टाकत आल्या होत्या. एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर लढाई झाली, आणि पुढच्या महिन्यात तो बेपत्ता असल्याचा कागद आला. मग वर्षभरानं दुसरा कागद आला. त्यात 'मृत समजण्यात येत आहे' असं लिहिलं होतं. बनुबाईंनी तो मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. समजण्यात येत आहे म्हणजे कुणीतरी समजतंय, दिसलं कुणालाच नाही. त्यांनी कागद देव्हाऱ्याखाली सारला आणि अक्षता टाकणं चालू ठेवलं. अंजनाचं कुंकू चालू राहिलं, बांगड्या चालू राहिल्या.

आता मात्र एक तिसराच कागद घरात आला होता.

पलूसपासून सात-आठ मैलांवरचं बोरकाठ हे गाव. बनुबाईंच्या घरापुढच्या रस्त्याच्या तोंडाला एक काळा दगड उभा होता. त्यावर 'आबाजीराव कारभारी रस्ता' अशी अक्षरं होती. हे आबाजीराव जुन्या जहागिरीचे कारभारी. गावाची मोठी विहीर त्यांनी बांधली. पण पाऊणशे वर्षांपूर्वी गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हा सगळं गाव माळावर झोपड्यांत काढलं, घरांना चुना फासला, दारं खिळ्यांनी ठोकली तीही त्यांनीच. तेव्हा काय काय झालं याच्या गोष्टी घराघरांत वेगवेगळ्या. कोण म्हणे त्यांच्यामुळं अर्धं गाव वाचलं, कोण म्हणे त्यांच्यामुळं अर्धं मेलं.

सरपंच नानासो तरुण माणूस. त्यांनी मनावर घेतलं की पंधरा ऑगस्टला हे नाव काढायचं. त्यावरून पंचायतीपुढं महिनाभर रोज खडाजंगी चालली.

"हिर त्यानं बांधली, पानी समद्यांनी पेलं, आन नाव तेवढं नगं व्हय?" एक म्हातारा विचारायचा.

"पानी पाजलं म्हनून गळा दाबायचा हक्क मिळतो काय?" दुसरा म्हणायचा.

पाथरवट धुळा तिथंच बसून तंबाखू मळत असायचा. तो म्हणाला, "भांडू नगासा. दगडाला दोन तोंडं असत्यात. वरनं येनाऱ्याला कारभारी दिसंल, खालनं येनाऱ्याला दुसरं कोनतं बी. मजुरी मातुर दोन्हीची द्या."

सगळे हसले. पण दुसरं नाव कोणाचं, यावर मात्र वाद झालाच नाही. हुतात्मा सयाजी आकाराम मार्ग. सगळ्यांनी एका आवाजात माना डोलावल्या. संमतीच्या कागदावर आई-बापाची सही घ्यायची एवढंच उरलं. सयाजीचे वडील आकाराम मळ्यातल्या वस्तीवर राहायचे. तिथंच त्यांनी उसाच्या बांधावर बसून सही करून दिली, आणि तीन दिवस घराकडं फिरकले नाहीत. मग कागद घरी आला, त्यावर बनुबाईंचा अंगठा राहिला होता. रविवारपर्यंतची मुदत होती.

अंगठा उठवला की दगड बसणार. दगड बसला की पोरगा गेला. मग अंजनाचं कुंकू पुसायला गल्लीतल्याच बायका येणार. बनुबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

तर त्या गुरुवारी त्या सवाष्ण सांगायला निघाल्या. रस्त्यावर सात घरं. पहिल्या घरची म्हणाली, उद्या माहेरी जायचंय. दुसरीनं डोळे चुकवून सांगितलं, उपास धरलाय. तिसरीची सासू जरा तोंडाळ. ती म्हणाली, "आवं बनुबाई, रागावू नगा. ज्याच्या नावाचा दगड घडवायला घातलाय त्याच्या जिवतीला जेवायचं म्हंजी… पोरीबाळींना भ्या वाटतंय." बनुबाई रागावल्या नाहीत. 'असू दे' म्हणून पुढं गेल्या. सातव्या दारातूनही त्या तशाच परतल्या. शुक्रवार सवाष्णीवाचून मोडला तर तो आपल्याच हातानं मोडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं.

रस्त्याच्या शेवटी पाटबंधारे खात्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं कालव्यावरची माणसं बदलून यायची, जायची. गावाला त्यांची नावंही माहीत नसायची. त्यातल्या एका खोलीच्या दारात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात बांगड्या. डावा हात अंगापासून जरा लांब धरलेला, काखेत काही दुखत असावं तसा. वय असेल पंचवीस-तिशीचं.

"नवीन आलाय जनू," बनुबाई म्हणाल्या. "मालक कालव्यावर हायत काय?"

"न्हाई. पलटनीत हायत," ती म्हणाली. "दर्या वलांडून गेल्यात."

बनुबाईंना एकदम मायाच आली तिची. त्यांनी तिथंच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"बाई, ताप हाय गं तुला. उद्या जेवायला सांगायला आलते. जमंल का?"

ती बाई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "येते की. पन… नावानं बोलवा. आधी नाव घ्या, मग आत या म्हना. न्हाईतर मला येता येत न्हाई."

"का गं?"

"तसंच हाय माजं."

"मग नाव सांग तुजं."

"मनुबाई."

घरी येताना बनुबाईंच्या मनात आलं, कुणाच्या कसल्या चालीरीती असतात. पलटणीतल्या माणसाची बायको म्हणजे तिचाही काही नेम असेल, नवस असेल. आपण नाही का तीन वर्षं दाराला कडी न लावता झोपत, सयाजी येईल म्हणून. त्यांनी फार विचार केला नाही.

शुक्रवारी ऊन कडक पडलं. श्रावणातलं ऊन म्हणजे मधेच डोळ्यांपुढं अंधारी आणणारं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, वरण-भात, सगळं तयार झालं. पाटाभोवती अंजनानं रांगोळी काढली. ताट वाढलं की सवाष्णीला परत बोलवायला जायचं, ही रीत. पण बनुबाईंचा गुडघा सकाळपासून धरला होता. त्या रस्त्यावर आल्या आणि तिथूनच त्यांनी हाक दिली, "मनुबाई… चला जेवायला."

हाक नीट संपलीही नव्हती. ती दारासमोरच उभी होती. एवढा लांबचा रस्ता कधी चालून आली, कळलं नाही.

उंबऱ्याशी ती थांबली. बनुबाईंनी पुन्हा नाव घेतलं, आत या म्हटलं, तेव्हा तिनं उजवं पाऊल आत टाकलं आणि एवढा लांब श्वास सोडला, की अंजनानं वळून पाहिलं.

"दार उघडलंसा," ती म्हणाली. "लय दिसांनी."

तिच्यामागोमाग घरात एक वास आला. ओल्या चुन्याचा. भिंत नुकती पोतारल्यावर येतो ना, तसा थंड आणि नाकात चावणारा. त्याखाली करपलेल्या कडुलिंबाचा. पुरणाचा घमघमाट त्यात बुडून गेला.

ती जेवायला बसली. खूप हळू जेवत होती, पण पाणी मागत होती सारखं. अंजनानं तीन तांबे दिले. चौथा देताना तिनं विचारलं, "तुमच्या मालकांचा कागद येतो का हो?"

"कागद?" ती बाई थांबली. "कागदानं कुनाचं भलं झालंय बाई… मी हाय न्हवं हितं? तुमाला दिसतीय न्हवं?"

"म्हंजी काय, दिसताय की," अंजना हसून म्हणाली. आणि तिनं तांब्या पुढं सरकवला.

जेवण झालं. बनुबाईंनी ओटी भरली. मग जिवतीला ओवाळून झाल्यावर त्या दारात गेल्या आणि चारी दिशांना अक्षता टाकल्या. "सयाजी, बाळा, जिथं असशील तिथं सुखी ऱ्हा." मागं वळल्या तर ती बाई त्यांच्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"असाच हिंडतोय त्यो," ती म्हणाली. "दारोदार. दारं वाजवतोय… कोन उघडत न्हाई."

बनुबाईंचा हात तसाच हवेत राहिला. "कोन? माजा सयाजी? कुटं बघितलास तू त्याला?"

"हुडकत हिंडत्यात समदी. तो दगड बसला, की मग कोन उघडनार?"

"मनुबाई, अगं नीट सांग. जित्ता हाय का माजा ल्योक?"

तिनं उंबरा ओलांडला आणि उन्हात गेली. रस्त्यावर बघायला बनुबाई धावल्या, तर ऊन एवढं होतं की दगड आणि माणूस यांतला फरक डोळ्यांना कळेना.

त्या रात्री दोघींना झोप लागली नाही, पण दोघींची कारणं वेगळी. बनुबाईंना वाटत होतं, पोरगा आहे. अंजना बराच वेळ छताकडं बघत पडून होती. मग म्हणाली, "आत्या, एक इचारू? एकदाचं काय ते ठरू दे का? लोकं मला सवाष्ण म्हनून बोलवत न्हाईत, इधवा म्हनून टाळत न्हाईत. मी कोन हाय, ते तरी कळू दे मला."

बनुबाईंनी अंधारात तिचा हात चाचपून धरला. 

रविवारी नानासो आले. संगतीनं शाईची डबी आणि एक लांबलचक कागद. चांगला मुलगा तो. येताना अंजनासाठी पेरू घेऊन आला होता.

"काकी, मला म्हाईत हाय, तुमाला त्रास हुतोय," ते म्हणाले. "पर ह्यो बघा. सातारच्या दप्तरातनं नक्कल आनलीय. कारभाऱ्यानं साथीत मेलेल्यांची यादी केलती. त्यात एक जित्ती बाई घातली त्यानं. नवरा पलटनीत, घरात एकटी, तापानं फनफनलेली. मेली म्हनून लिवली, माळावर नेऊन टाकली आन घर ठोकलं. पुढं ती माळावरनं उठून गावात आली, तर लोक म्हनाले, तू यादीत हायस. दार उघडलं न्हाई कुनी. आता सांगा, असल्या मानसाचं नाव ठेवायचं?"

"नाव काय तिचं?" अंजनानं विचारलं.

नानासोंनी कागदावर बोट फिरवलं. "हे बघा. 'मनुबाई कोम हरिबा'. म्हंजी हरिबाची बायकू. राहनार, ह्योच रस्ता. आन बाजूला बारीक अक्षरात लिवलंय…" त्यांनी घसा साफ केला. "'सदर बाई दारोदार फिरते अशी तक्रार आहे. दखल घेऊ नये.'"

 अंजनाच्या हातातून पेरू सुटला आणि चुलीपर्यंत घरंगळत गेला.

"पाटबंधाऱ्याच्या खोल्यांत कोन ऱ्हातंय सध्या, नानासो?" बनुबाईंनी विचारलं.

"तितं? कोन न्हाई. आखाडापासनं कुलूप हाय. का वो?"

बनुबाई पाटावर बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. असाच हिंडतोय त्यो, ती म्हणाली होती. असाच म्हणजे कसा? ती तेव्हा हिंडत होती तसा, जिवंतपणी, कागदानं मारलेला? की ती आता हिंडतेय तसा? एकात सगळा जन्म होता आणि दुसऱ्यात काहीच नव्हतं. आणि सांगणारी तर उठून उन्हात निघून गेली होती.

नानासोंनी शाईची डबी पुढं सरकवली.

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "एकीला कागदावर मारली म्हनून तुमी त्या कारभाऱ्याला शिव्या देताय. आन माज्या पोराला दगडावर मारायला माजाच अंगठा मागताय."

नानासोंचा चेहरा उतरला. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "कारभाऱ्याचा दगड मातुर काढनार काकी. गावाचा ठराव हाय." आणि उठून गेले.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि दुपारी धुळ्यानं पहारीनं तो काळा दगड उपटून बैलगाडीत घातला. तिथं नवा कोरा दगड उभा केला. त्यावर एक अक्षर नव्हतं. गावानं ठरवलं, नाव सावकाश बघू.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला शेवटचा शुक्रवार. बनुबाईंनी कोणाच्याच दारी करंडा नेला नाही. पुरण घातलं, पाट मांडला. अंजना नको नको म्हणत होती, तरी त्या रस्त्यावर गेल्या आणि नाव घेऊन हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी आलं नाही. आपण भूत-प्रेताला बोलावतोय याचं भय त्यांना वाटलं नाही, असं नाही. पण ताप आलेली, उपाशी, नवऱ्याची वाट बघणारी पोर होती ती. देव काय तो बघून घेईल. त्यांना तिला एवढंच विचारायचं होतं, असाच म्हणजे कसा?

उत्तर आलं ते दुसऱ्याच वाटेनं. तिसऱ्या पहरी कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून रंगू पीठ मागायला आली. वैशाखात लग्न होऊन मेढ्याकडून आलेली पोर. गावातली निम्मी माणसंही तिनं अजून पाहिली नव्हती.

"काकी, दुपारच्याला एक गडी आलता," ती सहज बोलता बोलता म्हणाली. "खाकी कापडं. मी दारात तांदूळ पाखडत हुते. त्यानं इचारलं, ह्या रस्त्याचं नाव काय? मी म्हनलं, नाव न्हाई. काल काढलं."

बनुबाईंच्या हातातलं मापटं थांबलं. "मग?"

"मग म्हनला, मला कारभारी रस्त्याला जायाचं हुतं. मी म्हनलं, तसा रस्ता हितं न्हाई आता. तवा उगंच उभा ऱ्हायला वाईच. आन गेला."

"कसा दिसत हुता गं?"

"त्वांड न्हाई दिसलं. ऊन त्याच्या मागं हुतं ना. आवाज लय दमल्यावानी." रंगूनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "कोन हुता वो?"

अंजना भिंतीला टेकून खाली बसली. बनुबाई अनवाणी रस्त्यावर पळाल्या, वेशीपर्यंत गेल्या, स्टँडवर गेल्या, पानपट्टीवाल्याला विचारलं, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं. खाकीतला माणूस कुणालाच दिसला नव्हता.

अंजना रात्री म्हणाली, "आत्या, त्यांना आपल्या घराचा रस्ता इचारायला का लागंल? डोळं झाकून येतील की."

"डोस्क्याला मार लागला असंल. काय आठवत नसंल. नुसता पत्ताच आठवत असंल." असं म्हणताना बनुबाईंना ते खरंही वाटत होतं, आणि त्यांच्या अंगावर काटाही येत होता.

सकाळी त्या नानासोंकडं गेल्या. "कारभाऱ्याचा दगड परत बसवा."

नानासो बघतच राहिले. "काकी, गेल्या ऐतवारी तुमी काय बोललासा मला? आता गावाला मी त्वांड कसं दावू? ज्यानं जित्त्या बाईला मारलं…"

"व्हय. त्यो वाईटच. पर माज्या पोराला ह्यो रस्ता त्याच नावानं ठावा हाय."

नानासोंनी हात जोडले, पण कबूल झाले नाहीत. बनुबाई मग धुळ्याच्या अंगणात गेल्या. काळा दगड तिथं पालथा पडला होता आणि धुळ्याची बायको त्यावर गोधड्या आपटत होती.

"अक्षरं हायत का रं अजून?"

"दगडाची अक्षरं कुटं जात्यात काकी," धुळा म्हणाला. त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही. "बसवतो. कुनी इचारलं तर म्हनीन, कोरा दगड तडकला."

दगड पुन्हा उभा राहिला. गावात बोलाचाली झाली, आणि मग भांगलणीच्या घाईत मागं पडली. त्या साली अधिक भाद्रपद होता. बनुबाईंनी महिनाभर एकभुक्त राहायचं ठरवलं. दगड बसवताना त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. त्या बाईला मारणाऱ्याचं नाव आपण आपल्या हातानं परत लावलं. सगळ्या रस्त्यात तिला दार उघडणारं घर एकच, आणि तेच आता तिच्यावर उलटलं. देवापुढं बसून त्यांनी तिची माफीही मागितली. पण दगड काढवला नाही.

पुढच्या शुक्रवारी, टळटळीत दुपारी, त्या दगडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. खाकीतला कुणी आला तर आधी आपल्याला दिसावा म्हणून. तास गेला. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. शेवटी त्या परत निघाल्या.

पहिल्या घरावरून जाताना आतून कडी लागल्याचा आवाज झाला. खट्. बनुबाईंना नवल वाटलं. दिवसाढवळ्या आपल्याकडं कोण कड्या लावतं? दुसऱ्या घराशी आल्या. खट्. मग तिसरं. त्या चालतील तशी कडी लागत होती, जरा आधी नाही, जरा मागून नाही. रंगूचंही दार बंद झालं. सगळा रस्ता मिटत गेला, आणि उन्हात त्यांच्याच पावलांचा आवाज उरला.

त्यांचं स्वतःचं दार बंद होतं. तीन वर्षं ज्याला कडी लागली नव्हती, ते दार.

त्यांनी थाप मारली. "अंजने."

"कोन हाय?" आतून अंजनाचा आवाज आला.

"अगं मी. दार का लावलंस?"

"मी कोन?"

"मी… तुजी आत्या."

 मग अंजना अगदी हळू, दाराला तोंड लावून बोलावं तसं बोलली. "आत्या तर हितं बसल्यात… पाटावर. जेवाय मागत्यात."

दाराच्या फटीतून चुन्याचा वास येत होता.

 बनुबाईंनी दोन्ही तळवे दाराला टेकले. ओरडायला हवं हे कळत होतं, पण ओरडायला कोण, आणि कोणाला, हेच डोक्यात स्पष्ट होईना. आपण आत असू तर ही बाहेर कोण उभी आहे?

तेवढ्यात त्यांच्या मागून, अगदी खांद्यालगत, कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "आई… तुला बी उघडत न्हाईत व्हय?"

त्यांनी मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, असाच म्हणजे कसा. पण आता त्यांना ते कळून घ्यायचंच नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र स्थिर झाला.

"अंजने, ऐक. नाव घिऊन बोलव. माजं नाव घे. आन… त्याचं बी घे."

सुनेनं सासूचं नाव कधी घेतलेलं नसतं, आणि नवऱ्याचं उखाण्याबाहेर तर नाहीच. आत बांगड्या वाजल्या. मग अंजनाचा आवाज आला, घाबरलेला, पण एकेक अक्षर नीट उच्चारणारा.

"बनुबाई… आत या." आणि थोडं थांबून, "सयाजी… आत या."

कडी निघाली. आत पाटावर कुणी नव्हतं. दारात अंजना उभी होती. तिनं आधी सासूकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. काही विचारलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला, मान खाली घातली, आणि दोन माणसांना आत यायला लागेल एवढी वाट सोडून ती बाजूला झाली.